गेममधली मस्टँग विकत घेतली, पण ती खरंच तुमची झाली का?

जुन्नर-आंबेगाव पट्ट्यात, पारगावसारख्या गावात वाढलेल्याला शर्यत म्हणजे काय हे सांगावं लागत नाही. घाटात बैलगाडा सुटला की सगळ्यांचं लक्ष सेकंदांवर. ‘फोर्झा होरायझन’सारख्या रेसिंग गेममध्येही खेळ सेकंदांचाच. फक्त हाताशी असते १९६५ ची फोर्ड मस्टँग किंवा १९६९ ची शेव्हरोले कॅमारो.

या गाड्या एवढ्या गाजल्या का?

अमेरिकी स्पोर्ट्स कारची ओळख बनली ती शेव्हरोलेची कॉर्व्हेट. १९५३ साली, पहिल्या वर्षी, तिच्या फक्त ३०० गाड्या बनल्या. १७ एप्रिल १९६४ रोजी मस्टँग आली. लांब बॉनेट, आखूड डिकी आणि तरुणांना झेपेल अशी किंमत : २,३६८ डॉलरपासून पुढे. पहिल्या वर्षभरातच चार लाखांहून जास्त गाड्या खपल्या. तिला उत्तर म्हणून शेव्हरोलेने १९६६ मध्ये कॅमारो आणली.

वळणावर त्या घसरतात का?

वजनदार व्ही-८ इंजिन पुढे आणि ताकद मात्र मागच्या चाकांना. त्यामुळे मागची बाजू हलकी पडते. त्यात मागच्या एक्सलला पाटे, आपल्या पिकअपला असतात तसे. एबीएस नाही, ट्रॅक्शन कंट्रोल नाही. चांगले गेम हे सगळं हिशेबात धरतात. म्हणून ब्रेक वळणाआधी मारा आणि गाडी सरळ होत आली की मगच हळूहळू रेस द्या.

मग गाडी कोणाची?

गाडीचं नाव, लोगो आणि आकार वापरण्यासाठी गेम कंपनीला कार कंपनीशी करार करावा लागतो. ‘जीटीए’मध्ये मस्टँगसारख्या दिसणाऱ्या गाडीला वेगळंच नाव असतं, कारण तिथल्या गाड्या काल्पनिक ब्रँडच्या आहेत.

असे करार ठरावीक मुदतीचे असतात. ‘फोर्झा होरायझन ४’ची विक्री १५ डिसेंबर २०२४ रोजी याच कारणाने थांबली. ज्यांनी तो आधी घेतला होता, त्यांचा खेळ निदान चालू राहिला. २०१४ च्या ‘द क्रू’चं तसं झालं नाही. अमेरिकाभर मस्टँग-कॅमारो पळवायचा हा गेम सर्व्हरशिवाय चालतच नव्हता. ३१ मार्च २०२४ ला सर्व्हर बंद झाले आणि पैसे मोजलेल्यांच्याही हातातून गेम गेला.

आता खऱ्या गाडीचं बघा. कॅमारो बनवणाऱ्या शेव्हरोलेचा कारखाना आपल्याच पुणे जिल्ह्यात, तळेगावला होता. तिथे बीट बनायची. २०१७ अखेर कंपनीने भारतातली विक्री थांबवली, २०२० च्या डिसेंबरमध्ये तळेगावचं उत्पादनही थांबलं. पण कंपनी गेली म्हणून कुणाच्या दारातली बीट कुणी उचलून नेली नाही. मालक ती चालवू शकतो, दुरुस्त करू शकतो, विकू शकतो.

गेममधल्या गाडीसाठी आपण मोजतो ते पैसे वापराच्या परवानगीचे असतात, मालकीचे नाही. म्हणून घरातलं पोरगं गेमसाठी पैसे मागेल तेव्हा दोन गोष्टी आधी बघा : तो इंटरनेटशिवाय चालतो का, आणि सर्व्हर बंद झाल्यावर हातात काय उरतं?