ताणाचे माप आणि उंदराचा मेंदू

मृगाचा पाऊस लांबला, पेरलेले बी वाया गेले आणि दुबार पेरणीला पैसा कोठून आणावा हा प्रश्न उभा राहिला, म्हणजे यवतमाळच्या कापूस पिकवणाऱ्याची झोप उडते. आपण याला काळजी म्हणतो, शास्त्रज्ञ ताण म्हणतात. हा ताण रक्तातील साखरेसारखा मोजता आला, तर कोणास वेळीच हात द्यावा हे कळेल, असे आपणांस वाटते. या जिल्ह्यातील किती घरे अशा काळजीने उजाडली, हे येथे सांगावयास नको. म्हणून या प्रश्नाचा शांतपणे विचार करू या.

१९३६ साली माँट्रियलच्या हान्स सेल्ये यांनी उंदरांवरील प्रयोग प्रसिद्ध केले. उंदीर थंडीत ठेवा, जखमी करा की त्यास विष टोचा, परिणाम एकच. अधिवृक्क ग्रंथी फुगत, थायमस आक्रसे, जठरात व्रण पडत. मूत्रपिंडावर टोपीसारखी बसलेली ही अधिवृक्क ग्रंथी संकटकाळी एक संप्रेरक रक्तात सोडते. माणसात ते मुख्यतः कॉर्टिसॉल, उंदरात कॉर्टिकोस्टेरॉन.

परंतु संप्रेरक म्हणजे केवळ निरोप. तो घेणारे प्रथिन पेशीत असते, त्यास ग्राही म्हणतात. मेंदूच्या हिप्पोकॅम्पस या भागातील ग्राही निरोप घेऊन ‘आता पुरे’ असा उलट इशारा देण्यास मदत करतात. ते म्हणजे उधळलेल्या बैलांचा कासरा धरणारे हात. हात कमी पडले, तर बैल लवकर थांबत नाहीत.

हे हात मोजावयाचे कसे? १९७१ साली स्टॉकहोमच्या एव्हा एंगवाल व पीटर पर्लमान यांनी एलायझा ही पद्धत मांडली. आजच्या चाचणी-संचात बहुधा ९६ खळग्यांची ताटली असते. खळग्याच्या तळाशी त्या ग्राहीलाच धरणारे प्रतिपिंड चिकटवलेले असतात. ग्राही पेशीच्या आत असल्याने उंदराच्या मेंदूचा तुकडा घोटून त्याचा अर्क खळग्यात घालतात. ग्राही अडकतो, बाकीचे धुऊन जाते. मग विकर जोडलेले दुसरे प्रतिपिंड त्यावर बसते, आणि रंगद्रव्य घातले की निळा रंग येतो. आम्ल टाकताच तो पिवळा होतो. रंग जितका गडद, तितके ग्राही अधिक. ज्ञात प्रमाणाच्या नमुन्यांशी ताडून आकडा काढतात. मात्र हा आकडा ग्राहींचे प्रमाण सांगतो. ते काम नीट करतात की नाही, हे सांगत नाही.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. हा संच यवतमाळच्या दवाखान्यात उपयोगी पडेल काय? नाही. उंदराचा मेंदू काढून घेता येतो, माणसाचा नाही. आणि असे संच केवळ संशोधनासाठी असतात.

तथापि उंदरांनी एक गोष्ट शिकवली. १९९७ साली मायकेल मीनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवले, की ज्या पिल्लांना आई अधिक चाटते, गोंजारते, त्यांच्या हिप्पोकॅम्पसमध्ये मोठेपणी हे ग्राही अधिक आढळतात, आणि ताणाचा भर त्यांच्यात लवकर ओसरतो. उंदरांवरून माणसाविषयी घाईने निष्कर्ष काढू नये, हे खरे. पण शेजाऱ्याची झोप उडाली आहे की नाही, हे कळण्यास आपणांस ताटली लागत नाही. त्याच्या ओट्यावर जाऊन बसावे लागते, आणि विचारावे लागते.