शाळेच्या आरोग्याविषयी लिहायचे, ते कसे?

शाळेत आरोग्य तपासणी झाली की दुसऱ्या दिवशी मजकूर तयार असतो. "आरोग्य शिबीर उत्साहात संपन्न. सर्व विद्यार्थ्यांना गोळ्यांचे वाटप. मान्यवरांनी समयोचित मार्गदर्शन केले." त्याखाली चार ओळी भरून मान्यवरांची नावे. वाचकहो, शेजारच्या गावच्या गुरुजींना किंवा आशाताईंना उद्या उपयोगी पडेल, असे यात काय आहे?

आज गावोगावचे शिक्षक, अंगणवाडी सेविका, आशाताई आणि शिकलेल्या माता आपल्या शाळेतला अनुभव लिहून इतरांपर्यंत पोहोचवू लागल्या आहेत. ही चांगली गोष्ट आहे. मात्र लिहिणाऱ्याच्या मनात 'अहवाल' असतो आणि वाचणाऱ्याला हवी असते माहिती.

वडीगोद्रीचेच घ्या. अंबड तालुक्यातले हे गाव सोलापूर-धुळे महामार्गावर, जालना-अंबडकडून येणारा रस्ता मिळतो तिथे वसलेले. 2024 च्या जूनमधील उपोषणाने त्याचे नाव राज्यभर गेले, पण इथल्या शाळकरी लेकरांच्या प्रकृतीविषयी त्या गर्दीत कोण बोलणार! या अंबड-घनसावंगी पट्ट्यातून दसरा-दिवाळीच्या सुमारास उचल घेतलेली कुटुंबे कोयता घेऊन निघतात आणि पाडव्याच्या आगेमागे परततात. इकडे जवळच अंकुशनगरला साखर कारखाना असल्यामुळे ऊसपट्ट्यात बाहेरच्या टोळ्याही उतरतात. म्हणजे काही मुले हजेरीपटावर असून गावात नसतात, तर काही गावात असून हजेरीपटावर नसतात.

आता राष्ट्रीय जंतनाशक दिन पाहा. 2015 पासून तो सुरू झाला. मूळ आखणीनुसार अल्बेंडॅझोलची गोळी फेब्रुवारीत आणि ऑगस्टमध्ये द्यायची. ऑगस्टमध्ये मुले शाळेत असतात. फेब्रुवारीत ऊसतोड कामगारांची मुले कुठे असतात? जी हंगामी वसतिगृहात किंवा आजीजवळ राहिली, त्यांना गोळी मिळते. जी आईबापांबरोबर कोपीवर गेली, ती अनवाणी उसाच्या फडात, उघड्यावरच्या घाणीत वावरतात आणि जंत त्यांनाच आधी गाठतात. "उपस्थित सर्वांना गोळ्या दिल्या" हे वाक्य खोटे नाही, पण 'उपस्थित' या एका शब्दाआड ही मुले गडप होतात.

समजा, लिहिणाऱ्याने असे लिहिले: "पटावर 62. त्या दिवशी हजर 41. गोळी 41 जणांना. गैरहजर 21, पैकी 17 ऊसतोडीला. ती परतल्यावर एप्रिलमध्ये आशाताईंना कळवले. 12 जणांना गोळी मिळाली, पाच जणांचा पत्ता नाही." या चार-पाच ओळी मोलाच्या आहेत, कारण दुसऱ्या शाळेतल्या बाईंना त्यातून एक युक्ती मिळते, शिवाय त्या पाच मुलांचा प्रश्नही उघडा राहतो. यश सांगताना अपुरे राहिलेले झाकू नये.

'आम्ही खेड्यातले, आमच्या नोंदीला कोण विचारतो?' असे कोणी म्हणेल. डॉ. हिम्मतराव बावस्कर आपल्याच जालना जिल्ह्यातल्या देहेड गावचे. गरिबीतून शिकून ते महाड तालुक्यातल्या बिरवाडीच्या सरकारी आरोग्य केंद्रात रुजू झाले. महाड म्हटले की आपल्याला चवदार तळे आणि 1927 आठवते. त्याच मातीत लाल विंचवाच्या दंशाने माणसे मरत होती, आणि पुस्तकांत त्यावर फारसे काही नव्हते. बावस्करांनी रात्र रात्र रुग्णाजवळ बसून लिहून ठेवले: उलटी, दरदरून घाम, थंडगार पडलेले हातपाय आणि त्यानंतर हृदयाचे काय होते ते. 1982 मध्ये 'लॅन्सेट' या जगप्रसिद्ध वैद्यकीय नियतकालिकाने त्यांचे निरीक्षण छापले. पुढे त्यांनी प्राझोसिन या औषधाचा उपयोग दाखवून दिला आणि कोकणातल्या लेकरांचे प्राण वाचू लागले. 2022 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. त्यांच्याजवळ मोठे इस्पितळ नव्हते, पण नोंद होती, आणि त्या नोंदीत वेळ होती. दंश केव्हा झाला, मूल दवाखान्यात केव्हा पोहोचले, हे शाळेतल्या घटनेविषयी लिहितानाही आधी लिहावे. मान्यवर नंतर.

दुसरी गोष्ट आपल्या वस्त्यांच्या जिव्हाळ्याची आहे. "वस्तीतील मुलांत अस्वच्छ सवयींमुळे खरूज आढळली" असे वाक्य कितीतरी मजकुरांत सापडते. लिहिणाऱ्याने काय पाहिले होते? खाजणारी बोटे. सवयी त्याने पाहिल्या नव्हत्या, त्या त्याच्या मनात आधीपासून होत्या. खरूज ही कातडीत शिरणाऱ्या बारीक किडीमुळे होते. एका अंथरुणावर चार जण झोपत असतील तर ती एकाकडून दुसऱ्याकडे जाते, मग कोणी रोज अंघोळ करो वा न करो. एका मुलाला मलम देऊन ती जात नाही. घरातल्या सर्वांनी एकाच वेळी औषध लावावे लागते, कपडे-पांघरुणे गरम पाण्यात धुवावी लागतात. तेव्हा लिहायचे ते असे: घरात माणसे किती, खोल्या किती, पाणी कोठून आणि किती लांबून येते, मलम किती जणांना पुरले. शाळेत पाण्याच्या भांड्याला हात लावण्यापासून किंवा जेवणाच्या पंगतीत कोणाला वेगळे काढले जात असेल, तर तोही आरोग्याचाच मजकूर आहे. तो दिसला तसा, विशेषणे न लावता लिहावा.

औषधाविषयी लिहिताना तर फारच जपून. "मुलींना लोहाच्या गोळ्या दिल्या" एवढ्याने भागत नाही. आठवड्याला एक घ्यायची ही गोळी पाच ते नऊ वर्षांच्या मुलांसाठी गुलाबी असते आणि दहा ते एकोणीस वयाच्यांसाठी निळी. निळ्या गोळीत पूर्वी 100 मिलिग्रॅम लोह असे. 2018 च्या 'ॲनिमियामुक्त भारत' कार्यक्रमापासून ते 60 मिलिग्रॅम झाले. जुन्या कागदावरून उतरवून काढणारा इथे फसतो. म्हणून माहिती कोठून घेतली आणि ती कोणत्या वर्षाची, हे त्याच ओळीत यावे. आणि जे घरी आईला कळायला हवे तेही यावे. गोळी उपाशीपोटी घेऊ नये, तिने शौचाचा रंग काळपट होतो आणि त्यात भिण्यासारखे काही नाही. ही एक ओळ नसली की काळा रंग पाहून घाबरलेली आई उरलेल्या गोळ्या उकिरड्यावर टाकते. मग 'पालक अडाणी' म्हणायला आपण मोकळे!

शब्द साधे असावेत. 'रक्तक्षय' लिहिले तर शेजारी 'अंगात रक्त कमी' असेही लिहावे. 'कर्णस्राव' कोणाला कळणार? कान फुटणे सर्वांना कळते.

मुलाचे नाव मात्र लिहू नये. नाव गाळले म्हणजे ओळख गळाली असेही नाही. "सातवीतली, वस्तीवरची, फिट येणारी मुलगी" म्हटले की गावाला घर कळते, आणि उद्या तिचे लग्न जमवताना हे कोणीतरी काढते. अशा वेळी इयत्ता गाळावी, वस्ती गाळावी. फिट आल्यावर मुलीला कुशीवर वळवले, तोंडात चमचा घातला नाही, कांदा हुंगवला नाही, एवढे राहू द्यावे. शिकण्यासारखे तेच आहे. तपासणीच्या फोटोत चेहरा दिसू नये, आणि घरच्यांना विचारल्याशिवाय फोटो देऊच नये.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक 2013 पासून शाळांत येते. दृष्टी कमी, दात किडलेले, हृदयात आवाज, असे काही आढळले की चिठ्ठी मिळते. आपल्याकडचे बहुतेक लिखाण या चिठ्ठीपाशी थांबते. जालन्याला जायची मजुरी कोणी बुडवली, चष्मा आला का, आला तर तो मूल घालते की पेटीत ठेवते, हे सहा महिन्यांनी पुन्हा लिहावे. अशी दुसरी नोंद क्वचितच कोणी लिहितो.

मजकूर पूर्ण झाला की पाठवण्यापूर्वी तो ज्यांना वाचता येत नाही अशा एखाद्या मावशींना मोठ्याने वाचून दाखवावा. त्या मधेच "म्हणजे काय ओ?" असे विचारतील, तिथे पेन्सिलीने खूण करावी आणि तेवढे वाक्य पुन्हा लिहावे.