माशी शिट्ट्या मोजत नाही

नंदुरबारच्या कळसाडीत असो वा मुंबईच्या कुलाब्यात, जास्त पिकलेल्या केळ्याभोवती तांबड्या डोळ्यांची चिलटं जमणारच. आंबा-पेरूच्या बागेत जिच्यासाठी सापळे टांगतात, ती फळमाशी वेगळी. प्रयोगशाळेतली लाडकी माशी म्हणजे हे चिलट, ड्रोसोफिला. अंग जेमतेम अडीच-तीन मिलिमीटर, पण नराचा एकेक शुक्राणू जवळपास दोन मिलिमीटर लांब! माणसाचा शुक्राणू त्याच्या तिसाव्या हिश्श्याएवढाही नसतो.

हा लांबलचक ऐवज तयार होण्याआधी पेशींचं गणित जुळावं लागतं. नराच्या वृषणाच्या टोकाला मूलपेशी असतात. त्यांच्यापासून सुटलेली पेशी चार वेळा दुभंगते. एकाच्या दोन, चार, आठ, सोळा, आणि बस्स. मग या सोळा पेशी फुगतात, अर्धसूत्री विभाजन होतं आणि चौसष्ट शुक्राणू घडू लागतात. थांबायचं कळलंच नाही तर काय होतं, ते 'बॅग ऑफ मार्बल्स' या जनुकाने दाखवलं. मॅककेरिन आणि स्प्रॅडलिंग यांनी १९९० मध्ये त्याचं वर्णन केलं. ते बिघडलं की पेशी दुभंगतच राहतात. वृषणात बारीक गोल पेशींची नुसती गर्दी होते, शुक्राणू एकही बनत नाही.

पण चार हा आकडा मोजतं कोण? कोणीच नाही. स्टॅनफर्डच्या मार्गारेट फुलर यांच्या गटाने २००९ मध्ये दाखवलं की या जनुकाचं प्रथिन पेशीत साचत जातं आणि ठरावीक पातळी गाठली की विभाजन थांबतं. साचण्याचा वेग कमी केला तर पेशी एक फेरी जास्त मारते. कुकरमधल्या डाळीला तरी शिट्ट्या कुठे मोजता येतात? तिला लागते ती पुरेशी उष्णता. चार शिट्ट्यांत डाळ शिजते हा आपला हिशोब. शिट्ट्या भराभर झाल्या तर तेवढ्याच वेळात पाचवीही होऊन जाईल.

या शिट्ट्यांच्या वेगाकडे नीट पाहिलं ते मुंबईत. कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत कृशानू रे यांच्या गटाने, पूर्णा गद्रे आणि सहकाऱ्यांनी, २०२० मध्ये प्रसिद्ध केलेलं काम मला फार आवडतं. त्यांना दिसलं की दुसऱ्या विभाजनानंतर पेशींचा वेग वाढतो. चौथ्या फेरीत 'सायक्लिन ई' हे प्रथिन कमी केलं की विभाजन रेंगाळतं आणि काही पेशी वेळेआधीच अर्धसूत्री विभाजनाला लागतात. 'सीडीके१' या विकराचं काम वाढवलं तर पेशी आणखी एक फेरी मारतात. म्हणजे पेशी दुभंगवणारी यंत्रणा निव्वळ हुकुमाची ताबेदार नाही; कधी थांबायचं हे ठरवण्यातही तिचा हात असतो. एवढी चांगली गोष्ट मुंबईत घडली आणि मराठी वर्तमानपत्रांत तिच्यावर चार ओळी आल्याचंही मला आठवत नाही.

मुंबईत ही माशी रुजवली ओबेद सिद्दिकी यांनी. नैरोबीत जन्मलेल्या, मूळच्या गोमंतकीय कुटुंबातल्या व्हेरोनिका रॉड्रिग्ज त्यांच्याकडे पीएचडीला आल्या आणि माशीच्या वासा-चवीच्या जनुकांवर जगाने दखल घ्यावी असं काम करून २०१० मध्ये गेल्या. रे हे रॉड्रिग्ज यांचे विद्यार्थी. सिद्दिकींचं नाव तरी अधूनमधून ऐकू येतं. रॉड्रिग्ज यांचं गोव्यात तरी किती जणांना ठाऊक असेल?

आता माणसाकडे. १९९५ मध्ये वीर्यात शुक्राणूच नसलेल्या ८९ पुरुषांची तपासणी झाली. त्यांतल्या १२ जणांच्या वाय गुणसूत्राचा एक तुकडा गायब होता. त्या तुकड्यात 'डॅझ' नावाचं जनुक सापडलं. पुढच्याच वर्षी त्याचा माशीतला नातलग, 'बूल', हाती लागला. तो नसला की नराच्या पेशी अर्धसूत्री विभाजनाच्या उंबरठ्यावर अडतात. २००३ मध्ये माणसाचं 'बूल' अशा वांझ माशीत घातलं, तर अडलेलं विभाजन बऱ्याच अंशी सुरू झालं. माणूस आणि माशी यांची वाट कोट्यवधी वर्षांपूर्वी फुटली, तरी हा सुटा भाग इकडचा तिकडे चालतो!

पण उद्या 'माशीच्या जनुकातून वंध्यत्वावर औषध' असा मथळा दिसला, तर सावध राहा. वाय गुणसूत्राचा तो तुकडा गेला आहे का, हे रक्ताच्या तपासणीतून कळतं. गेलेला तुकडा परत बसवणारं औषध आजही नाही.