डोंगरी सायकल आणि सपाट शहर

रायपूरच्या शंकर नगरात सकाळी शाळा भरण्याच्या सुमारास रस्त्याच्या कडेला थोडा वेळ उभे राहिले, तर दोन वेगळ्या कुळांच्या सायकली दृष्टीस पडतात. एक उंच, काळी, अरुंद टायरांची आणि सळईच्या ब्रेकांची; तिच्यावरून कामकरी माणूस डबा अडकवून संथपणे जात असतो. दुसरी ठेंगणी, रंगीत, जाड व गाठाळ टायरांची. तिच्या पुढच्या चिमट्यात स्प्रिंगा असतात. ती बहुधा विद्यार्थ्याची असते आणि दुकानात ‘माउंटन बाइक’ या नावाने विकली जाते. रायपूर समुद्रसपाटीपासून सुमारे ३०० मीटर उंचीवर, महानदीच्या खोऱ्यातील सपाट मैदानात वसले आहे. मैकलच्या डोंगररांगा पश्चिमेला, केशकालचा घाट दक्षिणेला. दोन्ही शहरापासून दूर. मग डोंगरासाठी घडवलेले हे वाहन या सपाट वस्तीत काय करते? आणि जे कुटुंब मुलासाठी अशी सायकल विकत घेते, त्याला दिलेल्या पैशाचा मोबदला मिळतो का? या प्रश्नांचे उत्तर देण्यासाठी सायकलीचा प्रत्येक भाग कशासाठी असतो, हे आधी समजून घेतले पाहिजे.

डोंगरी सायकलीचा जन्म कोणत्याही कारखान्याच्या आराखड्यातून झाला नाही. अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात, माउंट टॅमलपायसच्या परिसरात, १९७०च्या दशकात काही तरुण जुन्या, वजनदार सायकली घेऊन मातीच्या वाटेने डोंगर उतरत. १९७६ साली तेथे ‘रिपॅक’ नावाची उताराची शर्यत सुरू झाली. या सायकलींचा ब्रेक मागच्या चाकाच्या तुंब्यात असे आणि पायडल उलटे दाबल्यावर लागत असे. एका उतारातच तुंबा इतका तापे की आतले ग्रीस जळून जाई आणि ते पुन्हा भरावे लागे; त्यावरूनच शर्यतीला हे नाव पडले. पुढे १९७७ साली जो ब्रीझ याने अशा वाटांसाठी मुद्दाम नवी फ्रेम घडवली. १९७९ साली गॅरी फिशर आणि चार्ली केली यांनी टॉम रिची याने बनवलेल्या फ्रेमांवर व्यवसाय उभारला. १९८१ साली ‘स्टम्पजंपर’ हे नमुन्याबरहुकूम मोठ्या संख्येने तयार होणारे वाहन बाजारात आले. १९९० साली या खेळाची पहिली अधिकृत जागतिक अजिंक्यपद स्पर्धा झाली आणि १९९६ साली त्याला ऑलिंपिकमध्ये स्थान मिळाले.

या इतिहासातील एक गोष्ट विशेष ध्यानात घेण्याजोगी आहे. त्या तरुणांच्या जुन्या सायकलींची चाके २६ इंची होती, कारण रुंद, फुगीर टायर त्या काळी तेथे त्याच मापात मिळत. म्हणजे जे माप पुढे सुमारे तीन दशके डोंगरी सायकलीचे प्रमाण मानले गेले, ते गणिताने ठरले नव्हते; उपलब्धतेने ठरले होते. भारतातील काळ्या सायकलीचे २८ इंची चाकही असेच इंग्रजी सायकलीकडून वारशाने आले.

चाकांची ही मापे फसवी असतात. टायर ज्या लोखंडी वा ॲल्युमिनियमच्या कड्यावर बसतो त्याला धाव, किंवा दुकानातील भाषेत रिम, म्हणतात. इंचांतील आकडा धावेचा नसून टायरासह चाकाच्या बाहेरील व्यासाचा, आणि तोही ढोबळ असतो. खरे माप टायरच्या बाजूवर मिलिमीटरमध्ये छापलेले असते. काळ्या सायकलीच्या टायरवर ‘४०-६३५’ असे आढळते: टायरची रुंदी ४० मिलिमीटर आणि धावेवरील बैठकीचा व्यास ६३५ मिलिमीटर. डोंगरी सायकलीच्या २६ इंची चाकात हा व्यास ५५९, २७.५ इंचीत ५८४ आणि २९ इंचीत ६२२ मिलिमीटर असतो. म्हणजे नव्याने गाजलेल्या २९ इंची चाकाची धाव जुन्या २८ इंची चाकाच्या धावेपेक्षा लहानच आहे! टायर जाड असल्यामुळे त्याचा बाहेरील व्यास मात्र किंचित मोठा भरतो. त्याचप्रमाणे ‘२६ × १ ३/८’ असे अपूर्णांकात लिहिलेले टायर ५९० मिलिमीटर व्यासाच्या धावेचे असते. ते ‘२६ × १.९५’ अशा दशांशात लिहिलेल्या टायरच्या जागी बसत नाही. टायर बदलताना होणारी पुष्कळ फसगत एवढे जाणल्याने टळू शकते.

मोठ्या चाकाचा लाभ कोणता? वाटेत १० सेंटिमीटर उंचीचा दगड आडवा आला, असे समजू. दोन्ही चाकांवर ५४ मिलिमीटर रुंदीचे टायर असतील, तर तो दगड चढण्यासाठी २९ इंची चाकाला लागणारा आडवा जोर २६ इंची चाकापेक्षा सुमारे सात टक्क्यांनी कमी असतो. लाभ खरा आहे, पण अमर्याद नाही. त्याची किंमतही मोजावी लागते: मोठे चाक जड असते, वेग घेण्यास वेळ लावते आणि कमी उंचीच्या चालकाला अडचणीचे होते. २०१२ सालच्या लंडन ऑलिंपिकमध्ये चेक खेळाडू यारोस्लाव्ह कुल्हावी याने २९ इंची चाकांवर सुवर्णपदक मिळवले, २७.५ इंची चाकांवरील स्वित्झर्लंडचा निनो शुर्टर अवघ्या एका सेकंदाने मागे राहिला. उत्तम चालकांच्या हाती मापांतील अंतर किती अल्प ठरते, याचे हे बोलके उदाहरण होय.

चाकाच्या व्यासापेक्षा टायरची रुंदी व त्यातील हवा यांचा परिणाम अधिक जाणवतो, आणि येथे छत्तीसगडची माती मोलाची साक्ष देते. या प्रदेशातील शेतकरी जमिनीचे चार मुख्य प्रकार मानतात: भाठा, मटासी, डोरसा आणि कन्हार. भाठा ही तांबडी, मुरमाड जमीन. तिच्यावर रुंद टायर कमी हवेने चालवले, तर ते खड्यांवर दबते, जमिनीला धरून राहते आणि हादरे स्वतः पचवते. कन्हार ही काळी, चिकण जमीन. पावसाळ्यात तिचा चिखल टायरला चिकटून चिमट्यात साचतो आणि चाक अडते. तेथे टायरच्या गाठी दूरदूर असाव्यात आणि टायर व फ्रेम यांच्यामध्ये मोकळी जागा असावी. शंकर नगरच्या डांबरी रस्त्यावर मात्र याच गाठी ओझे होतात. प्रत्येक गाठ रस्त्याला टेकताना वाकते व पुन्हा सरळ होते. त्यात चालकाची शक्ती वाया जाते.

दातेरी चक्रांचे गणितही असेच तपासून पाहावे. काळ्या सायकलीच्या पुढच्या चक्राला ४४ आणि मागच्या चक्राला १८ दाते असतील, तर पायडलच्या एका फेऱ्यात ती सुमारे साडेपाच मीटर पुढे जाते. तीन पुढची व सात मागची चक्रे असलेल्या २६ इंची सायकलीत पुढे २४ व मागे २८ दात्यांची जोडी निवडल्यास हे अंतर सुमारे १.८ मीटर होते. केशकालसारख्या चढावर पायावरचा भार त्यामुळे एक तृतीयांशावर येतो. फेरे मात्र तिप्पट मारावे लागतात. श्रम नाहीसे होत नाहीत, ते वाटले जातात. ‘२१ गिअर’ ही जाहिरात अर्धसत्य असते, कारण त्यांतील अनेक जोड्या जवळजवळ सारखेच अंतर देतात. म्हणूनच २०१२ नंतर शर्यतीच्या सायकलींत पुढे एकच चक्र आणि मागे अकरा किंवा बारा चक्रे ही पद्धत रूढ झाली. सपाट शहरात या सर्वांपैकी दोन-तीन जोड्याच उपयोगी पडतात.

सर्वांत सावधपणे पाहण्याजोगा भाग स्प्रिंगांच्या चिमट्याचा. १९८९ साली ‘रॉकशॉक्स’ चिमटा बाजारात आला, तेव्हा त्यात हवा आणि तेल यांची योजना होती. हवा धक्का झेलते आणि तेल उसळी आवरते. केवळ पोलादी स्प्रिंगेच्या स्वस्त चिमट्यात उसळी आवरणारे काही नसते. तो वजन वाढवतो आणि पायडल जोराने दाबताना वरखाली होऊन शक्ती गिळतो. त्याच किमतीत साधा, ताठ चिमटा आणि चांगले ब्रेक मिळत असतील, तर तोच सौदा शहाणपणाचा. डिस्क ब्रेकचा गुण निराळा आहे. तो तुंब्याजवळच्या चकतीवर दाबला जात असल्याने चिखलाने माखलेली, पाण्याने भिजलेली किंवा थोडी वाकडी झालेली धाव त्याला फारशी बाधत नाही. मात्र त्याचे सुटे भाग आणि ते जाणणारा कारागीर जवळपास असला पाहिजे.

हा शेवटचा विचार शहराबाहेर अधिक महत्त्वाचा ठरतो. छत्तीसगडमध्ये सरस्वती सायकल योजनेखाली नववीच्या वर्गातील पात्र मुलींना सायकली देण्यात आल्या. गावापासून दूर असलेल्या माध्यमिक शाळेत त्यांचे शिक्षण सुटू नये, हा त्यामागील हेतू होता. अशा मुलीची सायकल महिनाभर नादुरुस्त पडली, तर शाळाही महिनाभर अंतरते. तिच्यासाठी सर्वोत्तम भाग म्हणजे जो गावच्या पंक्चरवाल्याकडे मिळतो आणि ज्याचे छर्रे व कोन तो डोळे मिटून बदलू शकतो. पोलादी फ्रेम जड असली, तरी तडा गेल्यास ती जवळच्या वेल्डरकडे सांधता येते; ॲल्युमिनियमच्या फ्रेमला ही सोय सहसा नसते.

म्हणून खरेदी करणाऱ्याने क्रम उलटा लावावा. आधी वाट पाहावी, मग माती, मग चालकाची उंची, मग दुरुस्तीची सोय, आणि सर्वांत शेवटी रंग व नाव. शंकर नगरातून शाळेला जाणाऱ्या मुलाला मध्यम रुंदीचे, गुळगुळीत मध्यपट्टीचे टायर, ताठ चिमटा, खात्रीचे ब्रेक आणि मोजकी दातेरी चक्रे पुरेशी आहेत. भाठ्याच्या मुरमाड वाटेने जाणाऱ्याला रुंद टायर हवेत, आणि घाट चढणाऱ्याला लहान पुढचे चक्र. कॅलिफोर्नियाच्या तरुणांनी हाती होते त्या सामानातून आपल्या वाटेला साजेशी सायकल घडवली. त्यांच्या सायकलीची नक्कल करण्यापेक्षा त्यांची ही रीत उचलणे अधिक फलदायी होय.