कमरेतले यंत्र : आधी परीक्षण, मग खर्च



या पानावर आम्ही एरवी बेणे, खतांचे हप्ते, खोडव्यातील पाचट आणि तोडीचा प्रोग्रॅम यांविषयी लिहितो. या अंकात मात्र ऊस पिकवणाऱ्याच्या कमरेविषयी लिहीत आहोत. त्यास कारण घडले ते असे.

गेल्या गळीत हंगामाच्या तोंडावर शेतकी ऑफिसात एक सभासद आले. वय पन्नाशीच्या पुढे. गावात त्यांना सगळे तात्या म्हणतात, आम्हीही तसेच म्हणतो. एक्स-रे आणि एम.आर.आय.ची पिशवी टेबलावर ठेवून ते उभेच राहिले. "बसा की तात्या," म्हटले तर म्हणाले, "बसलो की उठाय येत न्हाई, सायेब. तुमी फकस्त उसाच्या नोंदीचा दाखला द्या. सोसायटीतनं मिळंल तेवढं उचलतो. शेरात कमरंत मशीन बसवायचंय. न्हाई भागलं तर वड्याकडची वीस गुंठं काढतो."

दाखला देणे आमचे कामच आहे. पण वीस गुंठे म्हटल्यावर आमचा हात थांबला. "मशीन कसलं?" असे विचारले, तर तात्यांना सांगता येईना, आणि आम्हालाही ठाऊक नव्हते. "आठ दिवस दम धरा," असे सांगून आम्ही चौकशीस लागलो. सरकारी दवाखान्यातील हाडांच्या डॉक्टरांना दोनदा भेटलो, मिळाले ते वाचले. आमचे शिक्षण शेतकी डिप्लोम्याचे, तेव्हा औषधोपचार सांगणे आमचा अधिकार नाही. परंतु पैसे भरण्यापूर्वी काय विचारावे, एवढे या चौकशीत कळले. ते सर्वांच्या उपयोगाचे आहे.

कंबर दुखते कशाने?

पाठीचा कणा उसासारखाच पेऱ्यापेऱ्यांचा असतो. दोन मणक्यांमध्ये गादी असते, मागून मज्जारज्जू आणि नसा जातात, आणि मणक्यांना लगटून लहान-मोठे स्नायू असतात. लागणीला दिवसभर वाकणे, सोळा लिटरचा फवारणी पंप पाठीवर वागवणे, ट्रॅक्टरवर हादरे खाणे, बेण्याच्या मोळ्या उचलणे, या सगळ्याचा भार त्यावर येतो. (फळीवरून मोळी डोक्यावर घेऊन ट्रकमध्ये चढणाऱ्या तोडकऱ्याची गत तर आपल्याहून वाईट. त्याचाही विचार आपण केला पाहिजे.)

जागतिक आरोग्य संघटनेच्या आकड्यांप्रमाणे २०२० साली जगात सुमारे ६१ कोटी ९० लाख लोकांना कंबरदुखी होती. त्यांतील दहापैकी नऊ जणांच्या दुखण्याचे नेमके एक कारण बोट ठेवून दाखवता येत नाही. तीन महिन्यांहून जास्त टिकले की त्या दुखण्याला जुनाट म्हणतात.

एम.आर.आय.मध्ये 'गादी सरकली', 'मणक्यांत गॅप' असे लिहून आले की माणूस हबकतो. पण कंबर अजिबात न दुखणाऱ्या लोकांचेही फोटो तपासले गेले आहेत. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या आढाव्यात पन्नाशीच्या अशा धडधाकट माणसांपैकी ८० टक्क्यांच्या गाद्या झिजलेल्या आढळल्या. केस पिकतात तशी गादीही झिजते. म्हणून नुसत्या फोटोवर दुखण्याचे निदान होत नाही, हातापायांची ताकद आणि बधिरता तपासावी लागते. माती परीक्षण न करता पोती ओतू नका असे आम्ही दरवर्षी सांगतो, त्यातलाच हा प्रकार.

पहिले यंत्र : मज्जारज्जूवरचे

मोडलेला किंवा घसरलेला मणका स्क्रू-पट्ट्यांनी बांधतात, ते काम निराळे. तात्यांना सांगितलेले यंत्र विजेवर चालणारे होते.

याचा इतिहास असा. १९६५ साली मेलझॅक आणि वॉल या दोन शास्त्रज्ञांनी मांडले की, वेदनेचा निरोप मेंदूकडे जाताना मज्जारज्जूत जणू एक फाटक लागते, आणि दुसऱ्या संवेदनेने ते लोटून घेता येते. आपटलेली जागा आपण चोळतो आणि बरे वाटते, ते यामुळेच. त्या आधारे १९६७ साली अमेरिकेत नॉर्मन शीली या शल्यविशारदाने रुग्णाच्या मज्जारज्जूवर विद्युत्‌यंत्र बसवले.

आज हे काम मोठी चिरफाड न करता होते. जाड सुईतून बारीक तारा मज्जारज्जूच्या आवरणाबाहेर सरकवतात. सुमारे आठवडाभर बॅटरी अंगाबाहेर ठेवून चाचणी घेतात. वेदना निम्म्याने तरी कमी झाल्या, तरच छोटा छेद घेऊन बॅटरी ढुंगणाच्या वरच्या बाजूस कातडीखाली बसवतात. मणक्याच्या ऑपरेशननंतरही पायात राहिलेली नसेची कळ, मधुमेहाने पायांची होणारी आग, अशा दुखण्यांसाठी हे मुख्यतः वापरतात. तारा जागेवरून सरकणे, जंतुसंसर्ग होणे, बॅटरी संपल्यावर पुन्हा ऑपरेशन करावे लागणे, हे त्यातले धोके.

दुसरे यंत्र : स्नायूचे

मणक्यांना आतून धरून ठेवणारा मल्टिफिडस नावाचा स्नायू आहे. जुनाट दुखण्यात मेंदूचे त्यावरचे नियंत्रण ढिले पडते, स्नायू वाळतो, कणा सावरला जात नाही आणि पुन्हा दुखते. हे चक्र तोडण्यासाठी आयर्लंडमधील एका कंपनीने यंत्र काढले. त्यास अमेरिकेत २०२० साली मान्यता मिळाली. याच्या तारा मज्जारज्जूवर नसतात, त्या स्नायूला जाणाऱ्या नसेजवळ असतात. रुग्णाने दिवसातून दोनदा, अर्धा-अर्धा तास पडून ते चालू करायचे. स्नायू आखडतो, सैल होतो, म्हणजे त्याची तालीमच होते. गुण यायला महिने लागतात. ज्यांना व्यायाम आणि औषधांनी गुण आला नाही आणि ऑपरेशनजोगे कारणही नाही, अशांसाठीच ते आहे.

कंट्रोल प्लॉट कुठे आहे?

आता महत्त्वाचे. एखादे नवे टॉनिक फवारले, पाऊस चांगला झाला, ऊस वाढला, आणि श्रेय टॉनिकला गेले, हे आपण पाहतोच. म्हणून आम्ही शेजारी न फवारलेल्या चार सऱ्या ठेवायला सांगतो. डॉक्टर लोकही तसेच करतात. यंत्र सर्वांना बसवतात, पण काहींचे चालू ठेवतात आणि काहींचे नाममात्र, आणि कोणाचे कोणते हे रुग्णाला सांगत नाहीत.

दुसऱ्या यंत्राची अशी चाचणी २०४ रुग्णांवर झाली. चार महिन्यांनी यंत्र खरे चालू असलेल्यांपैकी ५७ टक्के जणांना ठरवलेल्या मापाइतका आराम पडला, आणि नाममात्र यंत्रवाल्यांपैकी ४७ टक्के जणांना. हा फरक योगायोगानेही पडू शकेल इतका लहान ठरला. पुढच्या काळातील अहवाल बरेच चांगले आहेत, पण त्यांत यंत्र चालू आहे हे रुग्णास माहीत होते.

पहिल्या यंत्राच्या एका प्रकाराची नॉर्वेत ५० रुग्णांवर परीक्षा झाली. तोच माणूस, तीन महिने यंत्र चालू, तीन महिने बंद, असे आळीपाळीने. २०२२ साली निष्कर्ष आला : रोजच्या हालचालींतील अडचणीत चालू-बंदने म्हणण्यासारखा फरक पडला नाही. कॉक्रेन या संस्थेने २०२३ साली सर्व चाचण्यांचा आढावा घेतला. नुसत्या कंबरदुखीसाठी या यंत्राचा टिकाऊ फायदा दिसत नाही, असाच त्याचा सूर आहे. याउलट, निवडक रुग्णांना फार गुण आल्याचे सांगणारे अनुभवी डॉक्टरही आहेत. म्हणजे यंत्र खोटे नाही, पण सरसकट सगळ्यांच्या कमरेचे नाही. आणि त्याची किंमत लाखांत आहे.

मग आधी काय?

जागतिक आरोग्य संघटनेने डिसेंबर २०२३ मध्ये जुनाट कंबरदुखीसाठी मार्गदर्शिका काढली. शिस्तशीर व्यायाम, दुखण्याविषयी नीट समजावणे, मनाला धीर देणारे उपचार आणि गरजेपुरती सूज-वेदनेची औषधे यांवर तिचा भर आहे. कमरेचे पट्टे आणि वजन लावून ओढणे हे नेहमीच्या उपचारात देऊ नये, असे ती सांगते. आपल्याकडे घरटी एक पट्टा खुंटीला असतो!

मात्र पुढील लक्षणे दिसली तर व्यायाम-बियाम बाजूला ठेवून ताबडतोब मोठ्या दवाखान्यात जावे : लघवी-संडासवर ताबा न राहणे, बैठकीची जागा बधिर होणे, पायाची ताकद जाणे, पडल्यानंतर सुरू झालेले तीव्र दुखणे, दुखण्यासोबत ताप किंवा वजन घटणे. मणक्याचा क्षय आपल्याकडे आहे, तो औषधांनी बरा होतो, पण दुर्लक्ष केल्यास माणूस लुळा पडतो.

पैसे भरण्यापूर्वी विचारावयाचे प्रश्न

१. माझ्या दुखण्याचे निदान काय? दुखणे कमरेचे की नसेचे?
२. व्यायामोपचार पुरते काही महिने झाले आहेत का?
३. यंत्र कोणते, आणि आधी चाचणी घेणार का? चाचणीत गुण न आल्यास काय?
४. पुढे बॅटरी बदलण्याचा, तारा सरकल्यास दुरुस्तीचा खर्च किती व कोणाचा?
५. दुसऱ्या डॉक्टरांचे मत घेतले का?
६. महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजनेत माझा उपचार बसतो का? योजनेतील रुग्णालयात आरोग्यमित्र असतो, त्याला आधी विचारावे.

तात्यांना आम्ही हे प्रश्न कागदावर लिहून दिले. सरकारी दवाखान्यातील डॉक्टरांनी पाय तपासले. नस दबलेली नव्हती. "व्यायाम किती दिवस केला?" असे विचारल्यावर तात्या म्हणाले, "चार दिवस. दुखाय लागलं, सोडला." त्यांना तिथल्याच फिजिओथेरपीच्या बाईंकडे लावून दिले. आज सहा महिने झाले. कंबर पूर्ण राहिली असे तात्या म्हणत नाहीत. भांगलणीला अजून बसवत नाही, पंप पोरगा घेतो. पण पहाटे बांधावरून दोन फेऱ्या मारतात, आणि परवा ऑफिसात आले तेव्हा खुर्चीवर बसून चहा प्याले. जाताना म्हणाले, "मशीनचं पुढं बघू, सायेब. वड्याकडच्या वीस गुंठ्यात लागण केलीया, तेवढी नोंद घ्या."

नोंद आम्ही घेतली आहे. पुढे तात्यांना यंत्राची खरोखर गरज पडली, तर दाखलाही देऊ. आपल्या घरी कोणाचे असे दुखणे असेल, तर सही करण्यापूर्वी वरचे प्रश्न जरूर विचारावेत. कळावे.

आपला,
ऊस विकास अधिकारी