माजलेलें कुरण व कार्तिकांतील चराई

पाऊसकाळ चांगला झाला म्हणजे भाद्रपदाच्या अखेरीस माळावरील कुरण कमरेइतकें वाढतें. तें हिरवें रान पाहून मालकास समाधान वाटतें. दिवाळीनंतर गुरें त्यांत मोकळीं सोडूं, असें मनाशीं ठरवून तो खरिपाच्या काढणीस व रब्बीच्या पेरणीस लागतो. परंतु कार्तिकांत गुरें रानांत शिरलीं म्हणजे चार दिवस पातीं ओरबाडतात आणि पुढें काड्या तुडवीत हिंडतात. मार्गशीर्षांत रान उभेंच असतें, पण बैलांच्या बरगड्या दिसूं लागतात. असें कां होतें व त्यावर उपाय कोणता, याचा विचार येथें करावयाचा आहे.

उंची आणि कस.— दख्खनच्या पठारावरील मारवेल, पवना, कुसळी हीं गवतें उष्ण हवेचीं होत. मृगाच्या पावसानें तीं फुटतात, श्रावणांत झपाट्यानें वाढतात आणि भाद्रपद-आश्विनांत फुलोऱ्यास येतात. फुलोऱ्यापर्यंत त्यांत पात्यांचें प्रमाण अधिक असतें. त्यानंतर सत्त्व बियांकडे व मुळांकडे जातें आणि काडी लांकडासारखी कठीण होते. फुलोऱ्याच्या सुमारास कापून वाळविलेल्या गवतांत प्रथिनांचें प्रमाण शेंकडा ६ ते ७ असलें, तर बी गळून उभ्यानें वाळलेल्या त्याच गवतांत तें शेंकडा ३ च्या आसपास येतें. इतक्या निकस चाऱ्यावर जनावराच्या पोटांतील सूक्ष्म जंतूंचेंही पोषण होत नाहीं. चारा पोटांत फार वेळ पडून राहतो व जनावर खातेंही कमी. पोट फुगलेलें दिसतें, पण जनावर उपाशी असतें. सारांश, उंच गवत म्हणजे कसदार गवत नव्हे.

कापणीची वेळ.— कुरणांतील निम्म्या ठोंबांवर तुरे दिसूं लागले, कीं कापणीची वेळ आली असें समजावें. साधारणतः उत्तरा नक्षत्रांत, म्हणजे सप्टेंबरच्या दुसऱ्या पंधरवड्यांत, ही स्थिति येते. शेतकऱ्याची खरी अडचण येथेंच आहे. उत्तरा व हस्त हीं पावसाचीं नक्षत्रें. कापलेलें गवत भिजलें तर काळें पडून कुजतें. शिवाय त्याच सुमारास सोयाबीनची काढणी येते आणि मजूर मिळत नाहीं. आभाळ पूर्ण उघडण्याची वाट पाहिली, तर गवत जून होऊन जातें. या दोन्ही नुकसानींतून वाट काढावयाची, तर सबंध कुरण एकदम कापूं नये.

कुरणाचे चार पट्टे पाडावे. पहिल्या उघडिपीस एक पट्टा कापावा, तो वाळवून उचलल्यावर दुसरा, नंतर तिसरा. मध्येंच पाऊस आला, तरी नुकसान एका पट्ट्यापुरतेंच होतें, आणि काम वांटलें गेल्यानें घरच्या माणसांवर किंवा गवत कापण्याच्या लहान यंत्रावर निभावतें. ज्या पट्ट्यांत कुसळी अधिक, तो प्रथम कापावा. तिचीं कुसळें पिकलीं म्हणजे गुरांच्या तोंडांत व शेळ्यामेंढ्यांच्या कातडींत रुततात. तुरा येण्यापूर्वीं मात्र तिचा चारा वाईट नसतो. चौथा पट्टा, जेथें मारवेल व पवना चांगला आहे असा, बियांकरितां राखावा आणि दरवर्षीं तो बदलावा. कापतांना विळा अगदीं जमिनीलगत चालवूं नये. सुमारें १० सेंटिमीटर बुडखा राखावा, म्हणजे फुटवा लवकर येतो.

फुटव्यावरील चराई.— उत्तरेंत कापलेल्या पट्ट्यांस हस्ताच्या पावसाची ओल मिळते. जमीन खोल असल्यास महिना-सव्वा महिन्यांत कोंवळा, पानेदार फुटवा येतो. हीच कार्तिकांतील खरी चराई. मुरमाड माळावर तो थोडा येतो, हें लक्षांत ठेवावें. उशिरां कापल्यास ओल सरलेली असते, रात्री गार होतात आणि गवत फुटत नाहीं. गुरें एका वेळीं एकाच पट्ट्यांत सोडावीं व निम्में गवत शिल्लक असतांनाच पुढील पट्ट्यांत न्यावीं. सर्व रान मोकळें ठेवल्यास जनावर चांगल्या गवताचाच कोंवळा फुटवा पुन्हां पुन्हां खुडतें, त्याचीं मुळें दुबळीं होतात आणि कुसळी मात्र पसरते.

वाळवण व गंजी.— कापलेलें गवत उन्हांत पातळ पसरावें, दोन वेळां उलटावें आणि काडी पिळली असतां ओल न लागतां मोडूं लागली म्हणजे पेंढ्या बांधाव्या. ओलसर गवताची गंजी आंतून तापते, बुरशी धरते, क्वचित् पेटही घेते. चारशें किलो वजनाच्या बैलास रोज सुमारें १० किलो कोरडा चारा लागतो. म्हणजे माघापासून ज्येष्ठापर्यंतच्या चार महिन्यांस एका बैलजोडीला २४ क्विंटल हवा. हा हिशेब आश्विनांतच करावा. २०१९ च्या उन्हाळ्यांत मराठवाड्यांत व पश्चिम महाराष्ट्रांत हजारों गुरें छावणीच्या दावणीस बांधावीं लागलीं, हें अजून कोणी विसरलें नसेल.

वेळ हुकल्यास.— गवत उभ्यानें वाळलें असेल, तरी तें जाळूं नये. तें कापून त्यावर युरियाची प्रक्रिया करावी. १०० किलो वाळल्या चाऱ्यास ४ किलो युरिया सुमारें ५० लिटर पाण्यांत पूर्ण विरघळवून थराथरावर सारखा शिंपावा, दाबून भरावा व तीन आठवडे हवाबंद झांकावा. उघडल्यावर वास उडूं देऊन थोडथोडा घालावा. सहा महिन्यांखालील वासरांस तो देऊं नये, आणि युरियाचें पाणी गुरांच्या तोंडीं लागूं देऊं नये. तें विष आहे. हें न जमल्यास अशा चाऱ्याबरोबर किलोभर सरकीची पेंड व थोडें मीठ तरी द्यावें.

कुरण हेंही एक पीक आहे. ज्वारी कणसांत वाळून झडेपर्यंत कोणी थांबत नाहीं; मग गवताच्याच कापणीस उशीर कां करावा? उत्तरा लागतांच विळे शेवटून ठेवावे, आणि पहिल्या उघडिपीस पहिला पट्टा उतरावा.