दोन रेघांचा कौल

गर्भ गर्भाशयात रुजू लागल्यावर भावी वारेच्या पेशींतून जे एचसीजी नावाचे संप्रेरक स्रवते, आणि आरंभी ज्याचे प्रमाण साधारण दर दोन-तीन दिवसांनी दुप्पट होते, त्याचाच मागोवा औषधाच्या दुकानात मिळणारी गर्भधारणा चाचणीची चिमुकली पट्टी घेते. खळग्यात टाकलेले मूत्राचे दोन-तीन थेंब कागदातून पुढे सरकताना रंगीत कण जोडलेली प्रतिपिंडे सोबत नेतात. संप्रेरक असल्यास ती पट्टीवरील ‘टी’ या खुणेपाशी अडकून रेघ उमटते, तर ‘सी’ या खुणेची रेघ केवळ पट्टी शाबूत असल्याची ग्वाही देते, आणि तीच नसेल तर चाचणी रद्दबातल समजावी. सूचनापत्रातील मुदतीत उमटलेली ‘टी’ची रंगीत रेघ, मग ती कितीही फिकट असो, बहुधा होकारच असते; मुदत उलटल्यावर, मूत्र सुकून दिसणारी करडी छटा मात्र ग्राह्य धरू नये. घाई हीच यातली सर्वांत मोठी चूक, असे माझे स्पष्ट मत आहे. पाळी चुकण्यापूर्वी मिळालेला नकार पुष्कळदा फसवा असतो, म्हणून पाळी चुकल्यावर, सकाळच्या पहिल्या मूत्राने चाचणी करावी आणि नकारानंतरही पाळी न आल्यास आठवड्याने पुन्हा करावी. गर्भ गर्भाशयाऐवजी बीजवाहक नलिकेत रुजला आहे काय, हे पट्टीला कळत नाही. तेव्हा ओटीपोटात तीव्र कळ वा घेरी आल्यास, अथवा रक्तस्राव होताच तत्काळ रुग्णालय गाठावे.